थ्री टँक्समधली किरमिजी ज्योत

सभागृहाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून भरदुपारी अंधार केला होता. बाहेर एक्केचाळीस अंशांचं ऊन पत्रा तडतडवत होतं आणि आत थ्री टँक्स या आमच्या खाणगावातली दीडशे माणसं एका दिव्याकडे टक लावून बसली होती. दिवा स्पिरिटचा. ज्योत करंगळीएवढी, निळसर, असून नसल्यासारखी. भिंतीलगतच्या टेबलांवर ज्याने त्याने घरून आणलेल्या ताटल्या मांडल्या होत्या: सॉसेज रोल, अंड्याची सँडविचेस, माझ्या बेकरीतले खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. मयत असो की निवडणूक, ताटली घेतल्याशिवाय आमच्याकडे कोणी सभागृहाची पायरी चढत नाही. पण त्या रविवारी खायला कोणी उठलं नाही. माशा तेवढ्या जेवून घेत होत्या.

दिव्यामागे ॲम्ब्रोज उभा होता, अनवाणी, पांढऱ्या सुती सदऱ्यात. हा माणूस पूर्व किनाऱ्यापासून अनवाणी हिंडत आलाय असं सगळे सांगत होते. मी त्याच्या टाचा पाहिल्या. एक भेग नव्हती. मोटारीमागे जोडलेल्या त्याच्या चाकांवरच्या घरात, त्या कॅरॅव्हॅनमध्ये, चपला असणार, असं मी तेव्हाच मनाशी म्हटलं आणि मग स्वतःलाच गप्प केलं, कारण माझा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"मी कुणाला बरं करत नाही," ॲम्ब्रोज म्हणाला. आवाज कोमट कस्टर्डसारखा. "मी फक्त दिवा लावतो. बोलतो तो दिवा." त्याच्या शेजारी मिठाच्या पुड्यांचे चार खोके होते. ते काही बोलत नव्हते, नुसते खपत होते.

मग त्याने ड्युएनला बोलावलं.

ड्युएन माझा धाकटा भाऊ. चौतीस वर्षांचा, सहा फुटी, खाणीत दोनशे टनी ट्रक हाकणारा. पण निघाला मात्र शाळेत बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा. हातात सात खणांची प्लॅस्टिकची डबी, सोमवार ते रविवार. ती डबी सात वर्षं मी भरत आले होते.

सात वर्षांपूर्वी आम्हाला कळलं की त्याला बायपोलर आजार आहे. कळलं कसं, तर आधी आठ महिने तो अंथरुणातून उठला नाही आणि आम्ही त्याला आळशी म्हणत राहिलो. मग एकदम उठला, आणि बसेचना. सहा रात्री झोपला नाही. जानेवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, उन्हात बूट काढून मिठाच्या तळ्याकडे चालत गेला. तळ्याला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं म्हणे. दोन दिवसांनी सापडला तेव्हा तळपायांना कातडी उरली नव्हती. आभाळाला टेकणारा झोका आणि तळ न दिसणारी विहीर, मध्ये पाय टेकायला जमीन नाही, असा तो आजार. गोळ्यांनी त्याला जमीन दिली होती. फार सुंदर नव्हती ती जमीन. हात थरथरत, तहान लागे, पोट सुटलं. पण तिच्यावर उभं राहता येत होतं.

ॲम्ब्रोजने डबीतली एक गोळी चमच्याखाली चिरडली. एक बारीक तार छोट्या बाटलीतल्या पाण्यात बुडवली. त्या पाण्याला तो 'पहाटेचं पाणी' म्हणत होता. तार भुकटीला टेकवली आणि ज्योतीत धरली.

ज्योत लाल झाली. साधी लाल नव्हे, किरमिजी, गर्द, ताज्या जखमेसारखी. अंधारात दीडशे चेहरे क्षणभर त्या रंगाचे झाले. मागे कुणाच्या तरी हातून ग्लास पडला.

"रोज ही आग गिळतोस तू, ड्युएन," ॲम्ब्रोज हळूच म्हणाला. "सात वर्षं. आणि तुला सांगतात की आग तुझ्या डोक्यात आहे."

ड्युएनने डबी त्याच्या हातात दिली. सातही खण बादलीत रिकामे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण उठून ती बादलीही उचलली नाही, हे इथे लिहून ठेवते.

ॲम्ब्रोजचा नेम एकवीस दिवसांचा होता. गोळी बंद. पहाटे तीनला उठून त्याच्या मिठाचं पाणी प्यायचं. झोप कमी करत न्यायची, कारण झोप म्हणजे विषाची सावली. शेवटच्या दिवशी दिवा थुंकीची परीक्षा घेणार: थुंकीने ज्योत लाल झाली तर विष अजून आत आहे, सोन्यासारखी पिवळी झाली तर माणूस शुद्ध झाला.

परगावच्या माणसाला यात हसू येईल. आम्हाला आलं नाही. आमच्या खाणीच्या फाटकावर पाळीआधी रोज नळीत फुंकावं लागतं आणि जिभेखालची कांडी द्यावी लागते. दारू, गांजा, काय काय ते कांडी सांगते. तिचं मनासारखं झालं तर माणूस आत, नाही तर घरी. बारा वर्षं या गावाची चूल थुंकीच्या निकालावर पेटते आहे. त्यामुळे एक परका येऊन म्हणाला की तुमची थुंकी तुमचं खरंखोटं सांगते, तेव्हा कुणी विचारलंच नाही की बाबा, कशी सांगते. विचारायची सवयच गेली होती.

आणि पहिल्या आठवड्यात तर कुणी काही विचारण्याची सोयच उरली नाही, कारण ड्युएन खुलला. पहाटे माझ्याआधी बेकरीत हजर. हाताची थरथर गेलेली, डोळ्यांत चमक आलेली. कणीक मळता मळता त्याला कवनं सुचत, लहानपणी सुचायची तशी:

लाल धूळ डोळ्यांत गं, पांढरा दगड पाठीवर,
ट्रक हाकतो डोंगराएवढा, बहीण माझी पावावर;
पाव फुगे भट्टीत गं, मी फुगतो वाऱ्यावर,
दोघांनाही खाली आण, मीठ टाक चिमूटभर.

गिऱ्हाइकं ऐकायला थांबत. मेरिल, तुझा भाऊ काय बहरलाय गं, असं मला जो तो सांगून जाई आणि जाताना सभागृहात डोकावून मिठाची पुडी घेई. ड्युएनच ॲम्ब्रोजची जाहिरात होता. मलाही दोन दिवस आनंद झाला. तिसऱ्या दिवसापासून मी त्याच्या दाराखालची उजेडाची रेघ बघायला लागले. आजारी माणसाच्या बहिणीचं हे पाप आहे: त्याच्या हसण्याचाही तिला संशय येतो. चार तास झोपला. मग तीन. मग दोन. कवनांचे शेवट हरवायला लागले. एका यमकाला धरून दुसरं, दुसऱ्याला धरून तिसरं, घास तोंडात, कणीक हातात, आणि बोलणं काही थांबेना. मी म्हटलं, जरा बस. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला मारायला उठले होते.

मी नर्स डॉटकडे गेले. गावात दवाखाना म्हणजे डॉटची दोन खोल्यांची जागा; डॉक्टर पंधरवड्याला एका गुरुवारी विमानाने येतात. तिने सगळं लिहून घेतलं आणि मला रागावली नाही, त्याचंच वाईट वाटलं. गोळी अशी एकदम तोडली की आजार दबा धरून बसलेला असतो तो झेप घेतो, म्हणाली. गुरुवारी आण त्याला. ड्युएन आला नाही. बरा झालेला माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल, असं त्याने मला हसत विचारलं.

मग मी क्लाईव्हकडे गेले. क्लाईव्ह पेनरोज ड्युएनच्या पाळीचा मुकादम आणि खाणीच्या बचाव पथकाचा कप्तान. दरड कोसळली की दोर बांधून आधी उतरतो तो हाच. बोलतो कमी, आणि गाव त्याच्या शब्दावर चालतं. भावाची चुगली करायला आल्यासारखं मला झालं होतं. ड्युएन झोपत नाहीये, त्याला ट्रकवर ठेवू नकोस, एवढंच म्हणाले. क्लाईव्हने मान डोलावली आणि त्याच दुपारी ड्युएनला ट्रकवरून काढून ट्रक धुण्याच्या कामावर घातलं. कारण विचारलं नाही, गोळ्यांबद्दल विचारलं नाही, काहीच नाही. मला तेव्हा त्याचाही संशय आला. न विचारणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा त्याला आधीच ठाऊक असतं, आणि क्लाईव्ह मूर्ख नव्हता.

दर शुक्रवारी ग्वेन ट्रेव्हेना पाव न्यायला येते. वय अठ्ठ्याहत्तर. जुन्या ढिगाऱ्यांपलीकडे पत्र्याच्या खोपटात एकटी राहते आणि अजूनही हातोडी घेऊन दगड शोधत हिंडते. तिचा बापही तेच करायचा. सभागृहात ती गेलेली नव्हती. फुकटचा केक खायला मिळतो तिथे मिठाची पुडी गळ्यात मारतात, असं तिचं मत. मी तिला चमत्कार सांगितला. तिने पाव पिशवीत घालता घालता विचारलं, "लाल म्हणजे कुठला लाल?"

"लाल म्हणजे लाल, ग्वेन."

"विटेचा, टोमॅटोचा की बीटाचा?"

मी आठवलं. बीटाचा, म्हटलं. बीट कापल्यावर बोटांना लागतो तो.

तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, बेकरी बंद कर, एक गोळी घे आणि चल. ड्युएनच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या माझ्या कपाटात होत्या, त्यातली एक घेतली.

तिच्या खोपटात टेबलभर काड्यापेट्या, प्रत्येकीत एक खडा. खिडकीच्या कट्ट्यावरून तिने जांभळट अभ्रकाचा एक तुकडा उचलला. तसले तुकडे इथे घरोघरी आहेत. खाणीत जो पांढरा दगड निघतो त्याच्या पोटात हा सापडतो आणि पोरंबाळं चकाकतो म्हणून घरी आणतात. ग्वेनने मेणबत्ती लावली, वीतभर लांबीची पितळी फुंकणी ओठाला धरली आणि ज्योतीचं टोक त्या तुकड्यावर फुंकलं. अभ्रक फुगला, वितळला, आणि ज्योत किरमिजी झाली. तोच रंग. मग माझ्याकडची गोळी चिमटीत चुरून तारेवर घेतली. पुन्हा तोच.

"मीठ पिवळं जळतं, तांबं हिरवं, लिथियम बीटासारखं," ती म्हणाली. "अक्षरं शिकायच्या आधी बापाने मला हे शिकवलं. खडा हाती आला की जाळून बघायचा. तो काय आहे ते तो स्वतःच सांगतो. वाईट आहे की चांगला, ते नाही सांगत."

खाणीच्या फाटकावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत 'लिथियम' लिहिलेलं आहे. ड्युएनच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं आहे. दोन्ही मी सात वर्षं रोज वाचत होते. एक बॅटरीचा दगड, एक भावाचं औषध. डोक्यात दोन्हींची कपाटं वेगळी होती, मधलं दार कधी उघडलंच नाही. आणि माझंच कशाला, सगळं गाव दिवसभर ते खणतं, ट्रकांत भरतं, पावसाळ्यात बुटांना लागून घरात आणतं. आग लागलेलं मात्र ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला ते फक्त टनांनी ओळखता येत होतं.

"आता लाल कळलं," ग्वेन म्हणाली. "रविवारी तो पिवळं दाखवणार. ते मला त्याच्याच दिव्यावर बघायचंय."

तीन आठवड्यांनी, नेमाच्या शेवटच्या रविवारी, सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. ड्युएन दोन रात्री अजिबात झोपला नव्हता. त्याने सामान बांधलं होतं. सोमवारी पहाटे ॲम्ब्रोजची कॅरॅव्हॅन पश्चिमेला निघणार होती आणि ड्युएन तिच्याबरोबर गावोगाव उभा राहून आपली कथा सांगणार होता. ॲम्ब्रोज त्याला 'साक्षीदार' म्हणायला लागला होता. मला एवढंच दिसत होतं की हजार मैल वाळवंट, जानेवारी महिना, आणि माझा भाऊ बूट काढून. आज थांबला नाही तर तो मला परत दिसणार नव्हता.

दिव्यापुढे ड्युएनने तारेवर थुंकी टाकली. ज्योत भसकन पिवळी झाली, लख्ख. लोक उभे राहिले. बायका रडत होत्या. ॲम्ब्रोजने डोळे मिटून घेतले, स्वतःच्याच कर्तबगारीने भारावल्यासारखे.

"माझीपण बघ की," मागून ग्वेन म्हणाली.

वाट करून ती पुढे आली. मागोमाग तिचा म्हातारा कुत्रा. ॲम्ब्रोजने मायेने विचारलं की माउलीने एकवीस दिवसांचा नेम पाळला आहे का. ग्वेनने सांगितलं की माउलीने सकाळी बेकन खाल्लंय आणि काल तीन बिअर प्यायल्यात. लोक हसले. तिने तार स्वतःच घेतली, थुंकली, ज्योतीत धरली. पिवळी. ड्युएनइतकीच लख्ख.

"काही देह जन्मतःच निर्मळ असतात," ॲम्ब्रोज म्हणाला.

ग्वेनने तार कुत्र्याच्या जबड्यातून फिरवली. कुत्र्याने ती चाटून साथ दिली. ज्योत पिवळी.

"मुकी जनावरं तर निर्मळच."

"असतील. पण हा उकिरड्यावरचं खातो," ग्वेन म्हणाली.

आता हसू वेगळ्या जातीचं होतं. ॲम्ब्रोजच्या ते ध्यानात आलं. त्याने हात वर केला, आवाजातलं कस्टर्ड जरा पातळ झालं. म्हणाला, तुम्ही विष घेतच नाही तर दिसेल कुठून? ती गोळी घेणारा माणूस आणा. आज, आत्ता, जो घेतोय असा. त्याची थुंकी रक्तासारखी जळली नाही तर मी हा दिवा इथेच फोडतो.

तो चांगला डाव होता. त्याने सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, आणि मला कळलं की तो निर्धास्त आहे. पत्र्याच्या गावात, जिथे पाठ मोडली तरी बरं आहे म्हणायची रीत, तिथे भरल्या सभागृहापुढे उठून असलं कोण कबूल करणार? ग्वेनने हातातली तार खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात नुसती गोळ्यांची बाटली होती, गोळी घेणाऱ्याची थुंकी नव्हती.

मागच्या भिंतीजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

क्लाईव्ह पेनरोज मधल्या वाटेने चालत आला. घाई नाही. खिशातून तशीच सात खणांची डबी काढून त्याने टेबलावर ठेवली, रविवारचा खण रिकामा.

"चौदा वर्षं," तो म्हणाला. "खाणीच्या डॉक्टरला, डॉटला ठाऊक आहे. माझ्या बायकोला ठाऊक आहे. आता तुम्हाला."

याच्या हातात आम्ही आमच्या नवऱ्यांचे, भावांचे दोर दिले होते, आणि मला दिसलं की तो लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायचं टाळतोय. दरडीखाली शिरतानाही असा गोरामोरा झालेला मी त्याला पाहिला नव्हता. त्याने तारेवर थुंकी घेतली आणि ज्योतीत धरली.

पिवळी.

पुन्हा धरली. पुन्हा पिवळी.

मग ग्वेनने शाळेत सांगावं तसं सांगितलं. माणसाच्या थुंकीत मीठ असतं, घामात असतं, अश्रूंत असतं. मीठ पिवळं जळतं, आणि इतकं झगझगीत जळतं की त्याच्यापुढे दुसरा कुठला रंग दिसतच नाही. थुंकी तुमची असो, माझी असो, कुत्र्याची असो, गोळी घ्या नाही तर नका घेऊ, दिवा एकच गोष्ट सांगणार: इथे मीठ आहे. तिने ॲम्ब्रोजच्या पुडीतली चिमूट तारेवर घेतली. तीही पिवळी. तुमच्या स्वयंपाकघरातली बरणी, म्हणाली, कॅरॅव्हॅनमधून फिरवून आणलेली. मग जांभळा अभ्रक आणि गोळी, एकामागोमाग एक, दोन्ही किरमिजी. आग नाही, विष नाही, रक्त नाही. आपल्याच खड्ड्यातला पदार्थ, धुऊन, मोजून, आपल्याच देशातल्या एका डॉक्टरने सत्तर वर्षांपूर्वी ज्याचा उपयोग दाखवला तो. शेवटी तिने 'पहाटेचं पाणी' नाकाशी धरलं आणि पुढच्या रांगेत बसलेल्या गावच्या गवंड्याला दिलं. विटांवरचं सिमेंट काढायचं ॲसिड, गवंडी म्हणाला. गोळीची भुकटी त्यात भिजली की रंग जोरात उठतो, ग्वेनने जोडलं.

ॲम्ब्रोज अविश्वासाच्या लहरींबद्दल काहीतरी सांगत होता. दिवा मात्र त्याने फोडला नाही. कुणीतरी खिडकीवरची घोंगडी ओढली आणि उन्हात ती ज्योत दिसेनाशीच झाली.

एवढ्याने गोष्ट संपायला हवी होती. पण मी ड्युएनकडे बघत होते, आणि तो अजून दिव्यापुढून हलला नव्हता.

"सगळे खोटे असतील," तो म्हणाला. "दिवा खोटा, मीठ खोटं. पण मला बरं वाटतंय ते खोटं कसं असेल? सात वर्षांत पहिल्यांदा मी जिवंत आहे. ते पण तुम्ही माझ्याकडून काढून घेणार?"

हाच खरा चमत्कार होता, आणि यावर ग्वेनची फुंकणी चालत नव्हती. गाव त्या लाल ज्योतीला भुललं नव्हतं, ड्युएनला भुललं होतं. मीही.

क्लाईव्ह त्याच्याजवळ खाली जमिनीवर बसला.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस सांगू?" तो म्हणाला. "गोळी सोडल्यानंतरचा विसावा दिवस. मला झाडांचं बोलणं कळत होतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला चौघांनी धरून नेलं, आणि माझी पोरगी ते दारातून बघत होती. ते सुख म्हणजे आजारच होता, ड्युएन. तो तसाच येतो, पाहुण्यासारखा, हातात फुलं घेऊन."

"म्हणजे मी कधी हसायचंच नाही."

"हस की. तू सुखी आहेस का ते मी विचारतच नाहीये. काल किती तास झोपलास?"

ड्युएनने नजर दिव्याकडे वळवली.

"परवा?"

तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरताना पाहिलं, शरण येणं नव्हे, नुसती दमणूक. तो मला म्हणाला, "मेरिल, माझे डोळे फार जळतायत गं." मी त्याला धरलं. दाराशी उभ्या डॉटने तेवढ्यात डॉक्टरांच्या विमानासाठी फोन केला होता. आधी ड्युएन नाही म्हणाला, मग शिव्या दिल्या, मग विचारलं की क्लाईव्ह शेजारी बसणार का. क्लाईव्ह तसाच घामट सदऱ्यात त्याच्याबरोबर विमानात चढला.

ॲम्ब्रोज संध्याकाळच्या आत गेला. जाताना पायात बूट होते, हे पेट्रोलपंपावरच्या पोराने सांगितलं. काही घरांत त्याचं मीठ अजून आहे, आणि माझ्याशी न बोलणारी दोन घरंही आहेत.

ड्युएन सात आठवड्यांनी शहरातल्या इस्पितळातून परत आला. बारीक, हळू बोलणारा. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण नव्याने बसवलंय. पहिल्या वेळी आम्ही अर्धवट ऐकलं होतं ते सगळं या वेळी डॉटने मला आणि त्याला समोर बसवून सांगितलं. रोज एका वेळी झोपायचं आणि उठायचं, रात्रपाळी नाही. उन्हात काम तर पाणी भरपूर. जेवणातलं मीठ एकदम वाढवायचं नाही, एकदम तोडायचंही नाही, कारण मीठ-पाण्याचा तोल ढळला की रक्तातलं लिथियम वरखाली होतं. कमी झालं तर आजार उठतो, वाढलं तर तेच औषध बाधतं. गुडघा दुखला म्हणून मनाने दुखण्याच्या गोळ्या खायच्या नाहीत, आधी विचारायचं. उलट्या, जुलाब, जास्त थरथर झाली तर वाट न बघता यायचं. आणि गोळीचा त्रास होत असेल तर सांगायचं. मनाने बंद करायची नाही, मिळून मार्ग काढायचा. ॲम्ब्रोजच्या नेमात यातली एकही गोष्ट सुलट नव्हती: झोप तोडली, मीठ वाढवलं, गोळी बंद. जाणूनबुजून कुणाला वेड लावायचं असतं, तरी याहून चांगला नेम सुचला नसता.

कवनं आता उशिरा सुचतात, अशी ड्युएनची तक्रार आहे. ती खरी आहे, आणि मी ती खोडून काढत नाही. डॉक्टरांकडे त्याने तीही सांगितली.

मागच्या गुरुवारी डॉक्टर आले. लिथियमची पातळी तपासायला रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणून ड्युएन आणि क्लाईव्ह सकाळीच डॉटच्या दाराबाहेर उभे होते. पूर्वी क्लाईव्ह मागच्या दाराने जायचा. आता भर रस्त्यावर, बाह्या वर केलेल्या, कालच्या फुटबॉलवरून भांडत. पोस्टातली इव्हॉन समोरून आली, थबकली, पुढे गेली, आणि परत फिरली. वीस वर्षं मी तिच्याकडून तिकिटं घेते आहे.

"ही रांग रक्ताचीच ना?" तिने विचारलं.

"हो," ड्युएन म्हणाला आणि अर्धं पाऊल मागे सरकून तिला जागा करून दिली.

वाचणाऱ्यांनो, पुढचा माणूस दिवा आणील असं नाही. अंगारा आणील, पाणी आणील, यंत्र आणील, बरा झालेला साक्षीदार आणील. त्याला हात जोडून एवढंच विचारा: हे कशाने झालं? माझ्या हातून, माझ्या दिव्यावर, घोंगडी बाजूला करून होईल का? आणि जो म्हणेल की गोळी टाक, त्याच्यापुढून उठा आणि ज्याने ती लिहून दिली त्याच्याकडे जाऊन भांडा, रडा, प्रश्न विचारा. संशय घ्यायचाच तर चमत्काराचा घ्या. गोळी घेणाऱ्या माणसाचा नको.